पाचव्या वर्षीचा हिशोब
वाचकांची पत्रं : गाडी आणि खर्च

सोलापुरात मी २४ वर्षं वाहन विम्याची सर्व्हेअर म्हणून काम करते. अपघातातली गाडी बघायची, काय मोडलंय ते लिहायचं, वर्कशॉपचं एस्टिमेट तपासायचं आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हा माझा दिवस. त्यामुळे गाडी मला शोरूममध्ये क्वचित भेटते. भेटते ती बंपर उतरवलेली, बोनेट उघडं टाकलेली. या वेळी मोठ्या सेडानविषयीची पत्रं जास्त आली, म्हणून तीच घेतली आहेत.

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी चार मागांवर सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ भागीदारीत बघतो. चांगली मोठी गाडी घ्यायचं ठरवलंय. मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज, ऑडीची ए-सिक्स आणि लेक्ससची ईएस, या चार मनात आहेत. महिन्यातून तीनदा पुणे, कधी हैदराबाद, बाकी गावात. वर्षाला २२ हजार किलोमीटर होतात. मागे बरेचदा बाहेरगावचे खरेदीदार बसतात. पेट्रोल की डिझेल? फर्मच्या नावावर की माझ्या? आणि सांभाळायला कुठली परवडेल?
(एक कारखानदार, अक्कलकोट रोड)

उत्तर : दादा, आधी फीत घ्या आणि घराचं पोर्च मोजा. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांची पोर्चं बरीचशी १६ फुटांची असतात. फाइव्ह सिरीज ५१६५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे १७ फुटांना जेमतेम अर्धा-पाऊण इंच कमी. ई-क्लास ५०९२. या दोन्ही गाड्या आपल्या देशात लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेल्या) येतात, ३१०५ आणि ३०९४ मिलिमीटर. ए-सिक्स आणि ईएस यांच्या २०२५ आधीच्या पिढ्या पाच मीटरच्या आतल्या, व्हीलबेस २९२४ आणि २८७०. हा जो पाऊण-एक वितीचा फरक आहे, त्यात तुमच्या खरेदीदाराचे गुडघे सुखाने मावतात. पण त्याच फरकामुळे खेड्यातल्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकतं. मंगळवेढा, अक्कलकोट भागातून आलेल्या लांब गाड्यांचं खालचं कव्हर खरवडलेलं मी नेहमी बघते.

आता पैशाचं. शोरूमचा माणूस कोटेशन देतो ते पहिल्या दिवसाचं. तुम्ही पाचव्या वर्षीचं मांडा. गाडी सगळं धरून रस्त्यावर ९५ लाखांना पडली आणि पाच वर्षांनी ४० लाखांना गेली, असं समजू. मध्ये गेले ५५ लाख. पाच वर्षांत १ लाख १० हजार किलोमीटर झाले, म्हणजे किलोमीटरला ५० रुपये. डिझेल लिटरला ९१ रुपये आणि ॲव्हरेज १६ धरलं तर इंधनाचा खर्च किलोमीटरला पावणेसहा रुपये. आपण सगळे ॲव्हरेज विचारतो, कारण पंपावर पैसे हाताने मोजून द्यावे लागतात. घसाऱ्याचं, म्हणजे उतरलेल्या किमतीचं, बिल कुणी आणून देत नाही, म्हणून तो दिसत नाही. पण या वर्गाच्या गाडीत सगळ्यात मोठा खर्च तोच.

विम्याच्या तक्त्यातही तो आहे. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना सहा महिन्यांनंतर १५ टक्के, एक वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीननंतर ४० आणि चार वर्षांनंतर ५० टक्के वजा होतात. बाजार याहून निष्ठुर असतो. त्यातून मधेच नवी पिढी आली की जुनी एकदम उतरते. ए-सिक्स आणि ईएस या दोन्हींच्या नव्या पिढ्या २०२५ मध्ये परदेशात दाखवल्या गेल्या आहेत. शोरूममध्ये तुमच्यासमोर उभी आहे ती जुन्या पिढीची असेल, तर सवलत घसघशीत मागा. दोन-तीन लाखांवर समाधान मानू नका. आणि विकायची घाई नसेल तर गाडी पाच ऐवजी आठ वर्षं ठेवा. पहिल्या तीन वर्षांत जेवढी किंमत जाते, तेवढी सहाव्या ते आठव्या वर्षांत जायला शिल्लकच नसते.

आठ वर्षं ठेवायची म्हटलं की वॉरंटीचा प्रश्न येतो. १ जून २०२४ पासून लेक्सस नव्या गाडीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. तुमच्या धावेने ती सात वर्षांहून थोडी जास्त पुरेल. बाकीच्यांची वॉरंटी पैसे भरून वाढवता येते. तो आकडा गाडी घेण्याआधी लेखी घ्या, घेतल्यावर नाही. टर्बो, गिअरबॉक्स, स्टिअरिंगची मोटर यातलं एक जरी वॉरंटीबाहेर गेलं तर लाखांत बिल येतं.

पेट्रोल की डिझेल, यावर तुमच्याच धावेचा हिशोब मांडते. ई-क्लास ऑक्टोबर २०२४ मध्ये आली तेव्हा ई २०० पेट्रोल ७८.५ लाखांना आणि ई २२० डी डिझेल ८१.५ लाखांना होती, दोन्ही एक्स-शोरूम. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्क्यांवरून ४० वर आल्यावर किमती उतरल्या, तरी दोघींमधलं अंतर समजायला हे आकडे पुरेसे आहेत. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. म्हणजे ३ लाख किमतीचे आणि साधारण २ लाख टॅक्सचे, डिझेलसाठी ५ लाख आधीच जास्त गेले. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १२ धरलं, तर २२ हजार किलोमीटरला १ लाख ९२ हजारांचं पेट्रोल लागेल; डिझेल सव्वा लाखाचं. वर्षाला ६७ हजार वाचले. ५ लाख वसूल व्हायला साडेसात वर्षं! वर्षाला ४० हजार किलोमीटर पळणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावं. तुम्ही केवळ बचतीसाठी घेऊ नका.

डिझेलचं आणखी एक सांगायला हवं. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. सात रस्ता ते एमआयडीसी, एमआयडीसी ते नवी पेठ अशा छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तुमचं पुणं महिन्यातून तीनदा होतं, तेवढ्यात तो मोकळा राहील. पण पुण्याच्या फेऱ्या कमी झाल्या तर ही गोष्ट विसरू नका.

नाव कुणाचं लावायचं? महाराष्ट्रात गाडी कंपनी किंवा फर्मच्या नावावर केली की रोड टॅक्स २० टक्के. ७८.५ लाखांवर १३ टक्क्यांनी १० लाख २० हजार होतात, २० टक्क्यांनी १५ लाख ७० हजार. साडेपाच लाखांचा फरक पहिल्याच दिवशी. उलट बाजूला, धंद्याच्या पुस्तकात गाडी दाखवली तर आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. ही तुलना सीएसमोर कागदावर करून घ्या. फर्मचा भागीदार स्वतःच्या नावावर गाडी घेऊन धंद्यासाठी वापरत असेल तर काय धरता येईल, हेही त्यांनाच विचारा. गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र तुम्हाला मिळणार नाही. प्रवासी गाडीवर ते बंद आहे. कुणी मिळवून देतो म्हणाला तर त्याचं ऐकू नका. १० लाखांवरच्या गाडीला विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो, तो रिटर्नमध्ये परत धरता येतो. त्याची पावती जपा.

आता माझ्या कामातलं. दोन वर्षांपूर्वी बार्शी रोडला नान्नजच्या पुढे, रात्री साडेदहाच्या सुमारास, एका अशाच सेडानसमोर रानडुक्कर आलं. कुठल्या कंपनीची गाडी ते सांगत नाही. आतल्या दोघांना ओरखडासुद्धा नव्हता. बाहेरून बघणारा म्हणाला असता, बंपर आणि एक दिवा गेला. एस्टिमेट आलं ६ लाख ४० हजारांचं. त्यात उजव्या हेडलाइटचेच अडीच लाख. हे दिवे दुरुस्त होत नाहीत. खालची एक क्लिप तुटली तरी अख्खा दिवा बदलतात. बंपरमागचा, पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार गेला होता. तो नवा बसवल्यावर त्याची दिशा यंत्राने जुळवावी लागते, ते गावातल्या गॅरेजमध्ये होत नाही. गाडी फ्लॅटबेडवर चढवून अडीचशे किलोमीटरवर पुण्याला पाठवली. एक पार्ट यायला २३ दिवस लागले. मालक तितके दिवस भाड्याच्या गाडीने फिरत होते, आणि ते भाडं त्यांच्या पॉलिसीत बसत नव्हतं.

म्हणून गाडी ठरवण्याआधी चारही ठिकाणी चार वस्तूंचे भाव लेखी मागा : पुढचा एक हेडलाइट, पुढची काच (कॅमेरा जुळवण्याच्या खर्चासकट), पुढचा बंपर आणि चार टायर. विक्रेता टाळाटाळ करेल. सर्व्हिस ॲडव्हायझरकडे जा, त्याच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत निघतात. चारही गाड्या इथेच जुळतात : मर्सिडीज चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ, ऑडी छत्रपती संभाजीनगरला, लेक्सस बेंगळुरूजवळ बिडदीला. म्हणून लोकांना वाटतं पार्टही इथलेच, स्वस्त. तसं नसतं. आणि प्रत्येकीचं जवळचं वर्कशॉप तुमच्या दारापासून किती किलोमीटरवर आहे तेही त्याच कागदावर लिहा. सोलापूरकराला सर्व्हिस म्हणजे ड्रायव्हरचा अख्खा दिवस, टोल आणि ५०० किलोमीटरचं इंधन. तो खर्च कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

विमा घेताना झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या पार्टचे निम्मे पैसे तुमचे, फायबरचे ३० टक्के तुमचे. आणि या गाड्यांचं तोंड बहुतेक प्लास्टिकचंच असतं. वर्षात किती क्लेमपर्यंत झिरो डेप चालतं तेही वाचा. दरवर्षी नूतनीकरणाला एजंट हप्ता कमी करून दाखवेल, तेव्हा आयडीव्ही किती खाली ओढली ते बघा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर तेवढेच पैसे हातात येतात.

आणि मी स्वतः कुठली निवडेन? भाऊ-भाऊ स्वतः चालवणार असाल आणि चालवण्यातला आनंद हवा असेल तर फाइव्ह सिरीज. तिच्या स्टिअरिंगला आणि गिअरबॉक्सला तोड नाही. ड्रायव्हर ठेवून मागेच बसायचं असेल तर ई-क्लासची मागची सीट. पण तुमचं पत्र दोनदा वाचलं, त्यात 'सांभाळायला' हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. तुमच्यासाठी मी ईएस म्हणेन. अडीच लिटरचं टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, जोडीला विजेची मोटर. आपल्या गावातल्या थांबत-थांबत चालण्यात ती इतरांपेक्षा कमी पेट्रोल पिते. पोर्चमध्ये मावते का ते मात्र मोजून बघा. ओव्हरटेक करताना एकदम ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, हे तिचं उणं. पुणे रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेऊन ते तुम्हाला चालतंय का बघा. मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते. आपल्याकडच्या धुळीत ती प्रत्येक सर्व्हिसला उघडून साफ करायला सांगा, आणि तिच्यासमोर टॉवेलचे गठ्ठे ठेवू नका.

रंग काळा घेऊ नका. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात काळी गाडी रोज धुणं मला बरोबर वाटत नाही.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघं डॉक्टर, विजापूर रोडला दवाखाना. नवी परवडणार नाही. मुंबईची चार वर्षांची डिझेल सेडान, ३८ हजार किलोमीटर झालेली, नवीच्या निम्म्याहून कमी भावात मिळते आहे. घ्यावी का? विकणारा म्हणतो, एकही क्लेम नाही.
(डॉक्टर दांपत्य, विजापूर रोड)

उत्तर : घसाऱ्याचं वरचं गणित वाचलंत तर कळेल, तुमचा विचार योग्य आहे. मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसला. पण किंमत खाली आली तरी पार्टचे भाव खाली येत नाहीत, हे लक्षात ठेवा. अर्ध्या किमतीच्या गाडीचा हेडलाइट पूर्ण किमतीचाच असतो.

'क्लेम नाही' हे तोंडी मानू नका. चालू पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस बघा. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० असा तो चढतो. चार वर्षांच्या गाडीला तीन नूतनीकरणं झाली असतील तर ३५ आणि चौथंही झालं असेल तर ४५ दिसायला हवा. २० दिसला तर मधे बहुधा क्लेम झाला आहे. त्यानंतर चेसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढा.

मुंबईची गाडी म्हणून पाण्याचं बघा. दरवाजे बंद करून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास येतो का? पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांवर गंज आहे का ते टॉर्च मारून पाहा. डिकीतलं खालचं आच्छादन उचला आणि कोपऱ्यात बारीक गाळ आहे का बोट फिरवून बघा. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या टोकावर पाण्याची रेघ राहते. मी अशा गाड्या याच खुणांवरून ओळखते. पाण्यातून काढलेली गाडी सहा महिने नीट चालते, मग तिची वायरिंग एकेक करून दगा देते.

तुमचा दवाखाना आणि घर एकाच रस्त्यावर असेल तर डिझेलच्या फिल्टरबद्दल वर लिहिलं आहे ते तुम्हालाही लागू, किंबहुना जास्तच.

आणि एक कळकळीने सांगते. गाडीची मालकी तुमच्याकडे आली की १४ दिवसांत विमाही नावावर करून घ्या. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांनी मोहोळजवळ उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, चूक चालवणाऱ्याची फारशी नव्हती. पण आरसी नव्या मालकाची आणि पॉलिसी जुन्या मालकाची. मला अहवालात ते लिहावंच लागलं. त्या घरातल्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. तेवढा फरक भरावा लागेल, तो भरा आणि मोकळे व्हा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात रेल्वेपुलाखाली साचलेल्या पाण्यात माझी सेडान बंद पडली. दोनदा स्टार्टर मारला, मग इंजिनच गेलं. विम्यातून फारच थोडे पैसे मिळाले. हे बरोबर आहे का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : तुमची पॉलिसी न बघता निकाल देणं बरोबर नाही, पण असं बहुतेकदा का होतं ते सांगते. इंजिन हवा आणि इंधन दाबून चालतं. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी दबत नाही. गाडी बंद पडली तेव्हा बहुधा एवढंच झालं होतं. पाणी उपसून, तेल बदलून ती वाचली असती. दुसऱ्यांदा स्टार्टर मारल्यावर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला असणार. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न केल्याने जे मोडतं, ते साध्या पॉलिसीत अपघातात धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन हे वेगळं कव्हर असतं. सेडान जमिनीला जवळ असते, म्हणून तिला ते हवंच. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा आपल्या जिल्ह्यात पाणी किती चढलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतरच्या नूतनीकरणात मी माझ्या भावाच्या गाडीला हे कव्हर स्वतः बसून घालून घेतलं.

पुढच्या वेळी गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टरला हात लावू नका. ढकलून बाहेर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा आणि फ्लॅटबेड मागवा. दोरीने ओढू देऊ नका. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स त्यात खराब होतो. आता मिळालेल्या पैशांबद्दल सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यातलं कारण पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथूनही झालं नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही.

प्रश्न : आईसाठी आरामशीर गाडी घ्यायची आहे. तिचे गुडघे दुखतात. दर गुरुवारी अक्कलकोटला जाते. कुठली आलिशान सेडान चांगली?
(मुलगा, भवानी पेठ)

उत्तर : कदाचित कुठलीच नाही. सेडानची सीट खाली असते. बसताना शरीर सोडून द्यावं लागतं आणि उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. आतली गादी कितीही मऊ असली तरी दुखणं दारातच सुरू होतं. आईंना घेऊन शोरूममध्ये जा, एक सेडान आणि एक उंच गाडी समोर ठेवायला सांगा. त्या रोज नेसतात ती साडी, रोजची चप्पल, तशाच येऊ देत. मागच्या सीटवर तीनदा बसू द्या, तीनदा उतरू द्या. तुम्ही बोलू नका, विक्रेत्यालाही बोलू देऊ नका. तिसऱ्यांदा उतरताना त्या दाराला धरून उठतात की तुमचा हात शोधतात, तेवढं बघा.